फिजिक्समधल्या डीचं कारण

"सगळं माझ्यावर ढकल," बाबा म्हणाला आणि त्याने सॉसेजचा एक तुकडा काट्याला टोचला. "बिनधास्त सांग त्यांना. बाप घर सोडून गेला, आई रडत बसायची, अभ्यासात लक्ष लागेना. असली कारणं त्यांना चालतात. चालतात काय, आवडतात. कौटुंबिक परिस्थिती म्हणतात त्याला."

टेसा ब्रुबेकर समोरच्या पॅनकेककडे बघत राहिली. मेपलचा पाक कडेने ओघळून ताटलीत साचला होता, त्यात लोण्याचा गोळा हळूहळू सरकत होता, आणि पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि तिथे पायरीच नसावी तसं तिला झालं. बाबा रागावेल याची तिने तयारी केली होती. फिजिक्समध्ये डी ग्रेड आणणाऱ्या मुलीला बाप काय काय बोलू शकतो ते सगळं तिने येताना मनाशी म्हणून पाहिलं होतं आणि एकेकाला उत्तरही घडवून ठेवलं होतं, चांगलं धार लावून. पण हा रागावलाच नाही. पाऊस आला म्हणून छत्री पुढे करावी तसा तो स्वतःलाच पुढे करत होता. घे, वापर. आणि चेहऱ्यावर तेच समाधान, पुढच्या महिन्यात दातांच्या तारा काढू हं, असं दवाखान्यातल्या एखाद्या पोराला सांगताना त्याच्या चेहऱ्यावर असायचं ते. तिला वाटलं, या माणसाने पाप केलं आणि आता त्याच पापाची वडी पाडून तो मला भेट देतोय. वर मी आभार मानायचे.

"डॉक्टर ब्रुबेकर!" कॉफी ओतायला आलेली बाई म्हणाली. "बघा, अजून सरळ आहेत की नाही?" आणि तिने दात दाखवले. बाबानेही मान वाकडी करून कौतुकाने पाहिलं. ईरी शहरात असं कुठेही व्हायचं. दुकानात, चर्चमध्ये, पेट्रोल भरताना. या गावातलं निम्मं हसू त्याने तारा लावून सरळ केलेलं होतं. लहानपणी टेसाला याचा अभिमान वाटे. कुणी हसलं की तिला वाटे, हे आपल्या घरचं आहे. गेल्या वसंतापासून मात्र कुणी हसलं की ती नजर खाली वळवायची. कारण बाबा जिच्याकडे राहायला गेला त्या शेरी हालोरनचंही हसू त्यानेच नीट केलं होतं. आधी तिच्या मुलीचं, ब्रिनचं, आणि मग तिला घेऊन येता येता शेरीचंही. चाळिशीतल्या बाईला दातांना तारा लावायचं काय सुचलं, असं टेसाची आई तेव्हा हसून म्हणाली होती. जेवताना, सगळ्यांसमोर. बाबाही हसला होता.

"काय सांगू म्हणालास?" टेसाने विचारलं.

"जे झालं ते. मला वाईट वाटेल म्हणून आवरू नकोस. मी मोठा माणूस आहे, सोसेन." त्याने हात पुढे करून तिच्या मनगटावर ठेवला. "ते माझं कॉलेज आहे, टेस. तिथले लोक चांगले आहेत. त्यांना फक्त समजून घ्यायला काहीतरी हवं असतं."

काचेबाहेर सरोवर गोठून करडं पडलं होतं. काठावर वाऱ्याने बर्फाचे ढिगारे रचले होते आणि त्यांच्यापलीकडे पाणी आणि आभाळ यांत काही फरकच नव्हता. सोसेन म्हणे. त्याच्या हाताखाली तिचं मनगट थंड होत गेलं. तिने हात काढून घेतला नाही, काटाही उचलला नाही. बसून राहिली.

व्हरमाँटच्या डोंगरातल्या त्या कॉलेजकडून आलेला मजकूर अगदी सभ्य होता. तुमच्या शाळेने शेवटच्या वर्षाचे सहामाही गुण पाठवले आहेत. इतर सगळ्या विषयांत उत्तम असलेल्या विद्यार्थिनीला फिजिक्समध्ये डी मिळाल्याचं पाहून आम्हाला तुमच्याकडून समजून घ्यायला आवडेल. लिहून कळवा किंवा फोनवर बोला. आणखी दोन कॉलेजांनीही जवळपास हेच विचारलं होतं, पण ती सरकारी, त्यांचं एका ओळीत भागलं असतं. हे मात्र बाबाचं कॉलेज. त्याच्या नौकानयनाच्या संघाचा फोटो अजून घराच्या जिन्यावर टांगलेला होता. आईने बाकी सगळं उतरवलं, तो राहिला, कारण त्याच्यामागे भिंतीला भोक होतं. तिथे जायचं हे टेसाने स्वतः कधी ठरवल्याचं तिला आठवत नव्हतं. सातव्या वर्षी त्या कॉलेजचा स्वेटर मिळाला होता तिला, गुडघ्यापर्यंत येणारा. मग ती त्यात वाढत गेली.

आणि फिजिक्स. फिजिक्सचं कारण सांगणं इतकं सोपं होतं की ते कुणालाही सांगण्याजोगं नव्हतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिस्टर डेंटनने आडनावांप्रमाणे जागा दिल्या होत्या, पण मग कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही असं करता करता ब्रिन हालोरन टेसाच्या अगदी पुढे येऊन बसली. ब्रिन वाईट मुलगी नव्हती. तेच तर. ती दारात दिसली की ओशाळं हसायची, सरळ दातांनी, आणि चटकन मान फिरवायची. थंडी पडायला लागली तशी एक दिवस ती हिरवं जाकीट घालून आली. मोठ्या माणसाचं, बाह्या दुमडलेल्या. टेसाने पेन उघडलं होतं. डाव्या खांद्याच्या मागे, शिवणीपाशी, मसुराएवढं जळकं भोक होतं, आणि ते भोक तिचं होतं. ती नऊ वर्षांची असताना सरोवरापाशी तंबू ठोकून राहिले होते ते तिघं. शेकोटीवर धरलेला तिच्या काडीवरचा मार्शमेलो पेटला, ती घाबरून काडी हलवत धावली आणि ठिणगी बाबाच्या खांद्यावर पडली. बाबा ओरडला नव्हता. म्हणाला होता, आता हे जाकीट हरवलं तरी आपल्याला ओळखू येईल. बोर्डावर मिस्टर डेंटन उतरणीवरून घसरणाऱ्या ठोकळ्यावर कुठकुठली बळं काम करतात ते बाणांनी दाखवत होते, आणि टेसा त्या भोकाकडे बघत होती. भोकातून आतलं पांढरं अस्तर दिसायचं. ब्रिन लिहायला वाकली की ते थोडं रुंदावायचं. उरलेला शरद ऋतू आणि अर्धा हिवाळा ती त्या मसुराएवढ्या भोकात बसून राहिली. चाचणीचा कागद समोर यायचा, ती नाव लिहायची, तारीख लिहायची, आणि मग वर बघायची. कुणी तिला अडवत नव्हतं. कुणी काही करत नव्हतं. ती नुसती बघायची, आणि मनात काहीतरी गार आणि कठीण, दातांनी न फुटणाऱ्या खडीसाखरेसारखं, चघळत राहायची.

हे सांगायचं? कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला? जाकिटाला भोक होतं म्हणून? आणि सांगितलं की ते त्याचं होणार. तो ते घेणार, ओले डोळे करून, छातीशी धरून. बघा, माझ्यामुळे. माझ्यावाचून पोरीचं किती अडलं बघा. तो गेला त्या दिवशी मात्र त्याचे डोळे कोरडे होते. गाडीच्या टपावर त्याने मासेमारीच्या काठ्या बांधल्या, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि टेसाला म्हणाला, रविवारी नाश्त्याला भेटूच. जणू तो गावाला निघाला होता.

घरी आई स्वयंपाकघरात उभ्याउभ्या टोस्ट खात होती. हल्ली ती बसून जेवतच नसे. प्लॅस्टिकच्या कारखान्यात ती मालाच्या ऑर्डरी बघायची आणि दिवसभर बसूनच असते म्हणायची, पण खरं कारण टेबलाभोवतीच्या रिकाम्या खुर्च्या हे टेसाला ठाऊक होतं. तिघांच्या घरात चार खुर्च्या होत्या तेव्हा कधी काही वाटलं नव्हतं. दोघींना चार मात्र फार होत होत्या.

"काय म्हणाले साहेब?" आईने विचारलं.

"म्हणाला, माझ्यावर ढकल."

आई खाता खाता थांबली. मग हसली, पण हसू तोंडातच राहिलं. "म्हणाला? वा! मग ढकल की. चांगलं जोर लावून ढकल. आणि नुसतं कौटुंबिक परिस्थिती वगैरे गुळमुळीत नको हं. नाव घाल. शेरी हालोरन. पेशंटची आई होती ते पण घाल. मी कशी होते तेही सांग. मी तीन आठवडे कामावर गेले नाही, ते तुला माहीत आहे ना?"

"आई, ते फिजिक्सबद्दल विचारतायत."

"मग फिजिक्स कुणामुळे गेलं?" आईचा आवाज चढला. "त्याच्या कॉलेजला कळू दे ना एकदा, त्यांचा हिरो काय लायकीचा आहे ते! दरवर्षी त्याला पत्र येतं तिथून, प्रिय डग म्हणून. कळू दे त्यांना."

टेसा आईकडे बघत होती. आईच्या गालावर टोस्टचा एक कण चिकटला होता. आई चुकीचं काही बोलत नव्हती, आणि तरी तिच्या चेहऱ्यावर बाबाच्या चेहऱ्यावर होतं तेच होतं, ती एक भूक. दोघांनाही टेसाचा डी हवा होता. त्याला पश्चात्ताप मिरवायला आणि हिला जखम मिरवायला. घर वाटून झालं, गाडी, ताटल्या, नाताळच्या झाडावरचे शोभेचे गोळेसुद्धा वाटून झाले. आता हा एक डी राहिला होता आणि त्याचे दोन्ही बाजूंनी लचके तोडायचे होते. तो डी माझा आहे, टेसाच्या मनात आलं. मी मिळवलाय तो. एका दिवसाचेही श्रम तुम्ही केले नाहीत त्यासाठी. हा विचार इतका लख्ख आला की तिला जवळजवळ आनंद झाला. जिना चढताना नौकानयनाच्या फोटोसमोर ती थांबली. दुसऱ्या रांगेत तरुण बाबा वल्ह्यावर हात ठेवून उन्हात डोळे बारीक करून बघत होता, सगळं आपल्यासाठीच मांडलंय अशा खात्रीने. तुला काय हवंय ते कळलं मला, ती त्याला मनात म्हणाली. तेच देणार नाही.

शाळेत मुलांच्या कॉलेजप्रवेशांचं बघणाऱ्या मिसेस पेल्की या जाड भिंगांच्या, सतत सर्दी झालेल्या बाई होत्या. दुपारच्या सुट्टीनंतर त्यांनी आपल्या खोलीतून कॉलेजला फोन लावून दिला, दोघींना ऐकू येईल असा समोर ठेवला आणि नाक पुसत म्हणाल्या, "शिक्षकांना नावं ठेवायची नाहीत, रडायचं नाही, आणि बाकी काय ते खरं सांगायचं. मी त्यांना घरच्या बदलाबद्दल थोडं लिहिलेलं आहे. तू फक्त पुरं कर."

"टेसा? मी लेनोर व्हिटकॉम्ब," पलीकडून आवाज आला, मऊ, दमलेला. "ही काही परीक्षा नाही हं. मला नुसतं समजून घ्यायचंय. काय झालं फिजिक्समध्ये?"

"मी अभ्यास केला नाही."

"म्हणजे जमला नाही?"

"नाही. केला नाही."

"घरी काही कठीण चाललं होतं का?"

"घरी सगळं ठीक होतं."

मिसेस पेल्कींचा रुमाल नाकापाशीच राहिला. पलीकडच्या बाई सांभाळून बोलू लागल्या. "टेसा, तुझ्या वडिलांचा मला फोन आला होता. तुला माहीत असेलच. फार मोकळेपणाने बोलले ते. म्हणाले, चूक माझी आहे, पोरीला तिची शिक्षा नको. त्यांना बोलणं कठीण जात होतं."

टेसाला माहीत नव्हतं. म्हणजे तो रडला. परक्या बाईपाशी, तिच्या नावाने, फोनवर. तिने विचारायच्या आत, ती हो म्हणायच्या आत त्याने ते उचलून नेलं होतं आणि खर्चही करून टाकलं होतं. कानशिलं तापली आणि त्याच वेळी डोकं अगदी निवळलं. शब्द आपोआप एकामागून एक, स्वच्छ धुतलेले, येऊन उभे राहिले.

"त्यांचा काही संबंध नाही," ती म्हणाली.

"संबंध नाही?"

"ते दुसरीकडे राहायला गेले हे खरं आहे. पण त्याने मला काही फरक पडला नाही. तसं पुष्कळांच्या घरी होतं. त्यांना वाटतं, सगळं त्यांच्यामुळे होतं. तशी सवय आहे त्यांना."

"आणि आई? आईला बरं नव्हतं असं मिसेस पेल्कींनी..."

"आईचाही नाही. मी वर्गात बसायचे आणि लक्ष द्यायचे नाही. द्यावंसं वाटलं नाही. दुसरं कुणी जबाबदार नाही. मीच आहे."

प्रत्येक वाक्यासरशी काहीतरी पुसलं जात होतं. तंबू, ठिणगी, नाश्त्याचे रविवार, टपावर बांधलेल्या काठ्या. तिने खडू घेऊन कुणाच्या अंगावर काही लिहिलं नव्हतं. फडकं घेतलं होतं. आणि ते खोटं होतं, अक्षर न् अक्षर खोटं, पण इतकं गोड खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती. जिभेवर चव आली होती. या बाई आता कागदावर लिहितील, आळशी मुलगी, कारण नाही, आणि नकार देतील. मग बाबा विचारेल, का? काय सांगितलंस? आणि ती त्याला सांगेल. ते वाक्य तिने तिथेच, त्या खोलीत, तयार केलं.

फोन ठेवल्यावर मिसेस पेल्की बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. "आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतेयस तू, टेसा."

"नाक माझंच आहे ना, मॅडम."

"हो. पण चेहरा पण तुझाच आहे, बाळ."

त्यानंतरचे दिवस विलक्षण सुखाचे गेले. वर्गातल्या बाकीच्या मुली प्रवेशाची वाट बघत होत्या तशी टेसा नकाराची वाट बघत होती. रविवारी ती नाश्त्याला जायची, पॅनकेक खायची, काय म्हणाले ते लोक, असं बाबा विचारायचा आणि ती म्हणायची, बोलले, कळवतील. त्याच्या तोंडावरच्या त्या सहनशील, क्षमेच्या आशेने उजळलेल्या भावाकडे ती अगदी प्रेमाने बघायची. कसायाने बकऱ्याकडे बघावं तसं, तिच्या मनात येई, आणि मग ती आणखी थोडा पाक ओतून घेई. फिजिक्समध्येही ती आता लक्ष देऊ लागली. तिला ते कठीण गेलं नाही.

मार्चच्या शेवटी सरोवरावरचा बर्फ तडकू लागला. त्या आठवड्यात जाड लिफाफा आला. आईने तो दारातच फोडला आणि किंचाळली. प्रवेश दिला होता. खाली व्हिटकॉम्बबाईंनी पेनाने एक ओळ लिहिली होती: कारणं पुढे न करणारी मुलं आम्हाला फार क्वचित भेटतात, तू इथे येशील याचा मला आनंद आहे.

टेसाने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. कुणीतरी तिच्या हातातला दगड काढून घेऊन तिथे फूल ठेवलं होतं. आई तिला मिठी मारून हलवत होती, मग एकदम थांबली. "नाव घेतलंस ना? शेरीचं?"

"नाही."

"आणि माझं? मी कशी होते ते?"

"नाही, आई. तुम्हा दोघांबद्दल काहीच बोलले नाही."

"काहीच नाही?" आईचे हात तिच्या खांद्यांवरच होते, पण सैल पडले. "मी... म्हणजे, चांगलं केलंस. चांगलंच झालं ना शेवटी." आणि ती धुतलेले कपडे काढायला तळघरात निघून गेली.

तेवढ्यात घंटा वाजली. दारात बाबा होता. या दारात तो गेल्या वसंतापासून आला नव्हता. गाडीतूनच हॉर्न द्यायचा. अंगात कोट नव्हता, दवाखान्यातला निळा सदरा तसाच, आणि डोळे सुजलेले.

"मी निकाल विचारायला फोन केला होता लेनोरला," तो म्हणाला. "त्यांनी मला सांगितलं, टेस. मी सगळं कबूल केलं होतं, माझी लाज काढून ठेवली होती त्यांच्यापुढे. आणि तू... तू माझ्यावर बोटसुद्धा ठेवू दिलं नाहीस. तू मला वाचवलंस." त्याने तिला जवळ ओढलं. पुदिन्याचा आणि रबरी हातमोज्यांचा तो जुना वास. तिचे हात तसेच लोंबत राहिले. "शेरी म्हणाली, ही मुलगी तुझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या मनाची आहे, डग. मी म्हटलं, ठाऊक आहे मला. माझीच आहे ती."

माझीच आहे ती. त्याच्या खांद्यावरून तिला रस्ता दिसत होता, वितळणाऱ्या बर्फाने चिखल झालेला, मिठाचे पांढरे ओघळ. हेही त्याने घेतलं. तिने त्याच्यावर फिरवलेलं फडकंही त्याने रुमाल म्हणून घेतलं आणि डोळे पुसले. आता गप्प बसलं तर जन्मभर हेच राहणार. नाताळात, लग्नात, सगळ्यांसमोर तो सांगणार, माझ्या टेसने मला कसं झाकलं. तिने दोन्ही हात त्याच्या छातीवर ठेवले आणि त्याला दूर केलं. जोरात नाही. दार लोटावं तसं.

"मी तुला वाचवलं नाही, बाबा. मी तुला वगळलं."

तो हसतच होता. "म्हणजे?"

"तू त्यांना सांगितलंस, मी गेलो म्हणून पोरीचं वाटोळं झालं. मी सांगितलं, तो गेल्याने काही झालं नाही. मला काही फरक पडला नाही."

हसू एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं, ओठांवर जरा वेळ रेंगाळलं. "पण ते खरं नाही," तो हळूच म्हणाला. "तुला त्रास झाला, टेस. मला माहीत आहे. मी पाहिलं ना."

"कधी पाहिलंस?"

त्याने तोंड उघडलं. ती थांबली. तिने त्याला खरोखर वेळ दिला, मनापासून; काही क्षण तर तिला वाटलं, त्याने काहीतरी सांगावं, एखादा दिवस, एखादा रविवार, तिने ताटलीत न खाता सोडलेलं काही. त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावर इकडून तिकडे शोधत फिरत होते, आणि तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

"त्रास झाला ना तुला?" तो म्हणाला. आता तो विचारत नव्हता, मागत होता. दारातला माणूस पोटाला मागतो तसं. "थोडा तरी? सांग ना."

एक शब्द पुरला असता. तो तिच्या जिभेवर आलेला होता, कठीण, महिनोन्‌महिने चघळून गुळगुळीत झालेला.

"फिजिक्स कंटाळवाणं होतं," टेसा म्हणाली.

तो पायऱ्या उतरला. शेवटच्या पायरीवर बर्फ होता, तिथे त्याचा पाय घसरला, पण त्याने कठडा धरला आणि मागे वळून पाहिलं नाही. गाडी सुरू झाली आणि तशीच, इंजिन चालू, रस्त्याच्या कडेला उभी राहिली. टेसाने दार लावलं. कडीवरचा हात मात्र तिला काढता येईना. पातळ पडद्यातून तिला त्याचं डोकं दिसत होतं, स्टिअरिंगवर टेकलेलं. ज्याच्यासाठी इतके दिवस काढले ते हेच, असं तिने स्वतःला बजावून पाहिलं, आणि ते खरंही होतं. सुख होतं, भरपूर होतं, पण ते ठेवायला घरात कुठे जागा सापडत नव्हती. बऱ्याच वेळाने गाडी हलली.

तळघराच्या जिन्यावरून आईची हाक आली, "कोण आलं होतं गं?"

"कुणी नाही," टेसा म्हणाली, आणि दोन्ही तळव्यांनी तोंड घट्ट दाबून ती दाराशीच खाली बसली, आईला हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून.